आधी दोनदा नको म्हणायचं

जगन्नाथरावांच्या मते अध्यक्ष व्हायची एकच रीत होती : आधी दोनदा नको म्हणायचं. अधारतालमधल्या आपल्या कॉलनीच्या मराठी मंडळाचे ते अकरा वर्षं असेच अध्यक्ष होते. दर निवडणुकीला ते "आता तरुणांना द्या" म्हणायचे, लोक आग्रह करायचे, आणि मग काय, हार यांच्याच गळ्यात.

त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई कृषी अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. अन्नधोरणावर संशोधन करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेने त्यांना संचालक मंडळाच्या अध्यक्षपदासाठी व्हिडिओ कॉलवर मुलाखतीला बोलावलं, तेव्हा जगन्नाथरावांनी बजावलं, "पटकन हो म्हणू नको. हावरट दिसते."

निवड समितीने शेवटी विचारलं, "ही जबाबदारी घ्याल?"

"घेईन. आवडेल मला," सरोजिनीबाई म्हणाल्या.

दाराआड उभ्या जगन्नाथरावांनी कपाळाला हात लावला. कॉल संपताच ते म्हणाले, "काहून असं केलं? एकदा तरी नको म्हणायचं!"

"अहो, त्यांना ते खरं वाटलं असतं."

आठवड्याभरात नेमणुकीचं पत्र आलं. त्याच रविवारी मराठी मंडळाची निवडणूक होती. जगन्नाथराव घसा खाकरून म्हणाले, "आता तरुणांना द्या."

लोक आग्रह करणार, तोच मागून सरोजिनीबाई म्हणाल्या, "चलो, अकरा वर्षं हे एकच सांगून राहिले. यंदा ऐकू या की त्यांचं!"

बँकेत नुकतीच बदलून आलेली संपदा लगेच उठली. "मी होईन अध्यक्ष. आवडेल मला."

टाळ्या पडल्या. जगन्नाथरावांची मान तोवर सवयीने हारासाठी वाकली होती.