मात्सुएहून भरून आलेला डबा

मी एक जुना स्टीलचा डबा आहे, आणि मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी रागावलेला आहे. डब्याला कसला आलाय राग, असे कोणी म्हणेल. म्हणू दे. अडीच वर्षे माझ्या पोटात एक पत्र दडवून ठेवले होते आणि त्या पत्राला उत्तर म्हणून एक ओळसुद्धा गेली नव्हती. मी रागवायचे नाही तर काय करायचे?

ते पत्र जपानमधल्या मात्सुए नावाच्या गावाहून आले होते. एका मोठ्या सरोवराच्या काठी ते शहर आहे. पत्र माझे मालक कमलाकर उपासनी यांच्या नावाचे होते. गोष्ट क्रमाने सांगणे मला जमेल की नाही, याची मला खात्री नाही. पण गप्प बसणेही आता जमत नाही.

माझा जन्म सत्तेचाळीस वर्षांपूर्वी झाला. नाशिकच्या भांडी बाजारातून अरुणाबाईंच्या मावशीने मला त्यांच्या लग्नासाठी विकत घेतले. दुकानदाराने विजेच्या सुईने माझ्या अंगावर नाव घातले : 'सौ. अरुणा कमलाकर उपासनी'. सुई टर्रर्र वाजत होती आणि मला झिणझिण्या येत होत्या. पण नाव घातलेला डबा कोणाच्याही घरी गेला तरी हरवत नाही, असे मावशी म्हणाली आणि मला मोठा अभिमान वाटला. दुसरीही एक गोष्ट मला त्या घरात पहिल्याच आठवड्यात कळली. शेजाऱ्यांकडून आलेला डबा रिकामा परत द्यायचा नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालायची.

मग मी विमानातून इंग्लंडला आलो. पिनरमधल्या एका छोट्या घरात आमचा संसार सुरू झाला. कमलाकर एका सार्वजनिक वाचनालयात नोकरीला होते आणि मी रोज त्यांच्या पिशवीतून कामाला जात असे. तिथे माझा पहिला अपमान झाला. ते मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसत आणि माझे झाकण अर्धेच उघडत. लसणीच्या चटणीचा वास कोणाला आवडणार नाही, अशी त्यांना धास्ती. एकदा त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या बाईंनी वाकून विचारले, "कमलाकर, काय आहे त्यात? काय छान वास येतोय!" त्यावर या गृहस्थांनी काय करावे? झाकण लावून टाकले! बाई बिचाऱ्या चमच्यासाठी हात पुढे करून तशाच उभ्या राहिल्या.

कमलाकर वाईट नाहीत. त्यांनी आयुष्यात कोणाला उलट बोललेले मी ऐकले नाही. पण लोक आपल्याला काय म्हणतील, याचा विचार करण्यात ते इतके गुंतलेले असतात, की समोरचा खरोखर काय म्हणतो आहे, ते ऐकायचे राहूनच जाते.

पुढे झाकणाला क्लिपा असलेले प्लॅस्टिकचे डबे घरात आले आणि माझ्यात बटणे पडू लागली. ती बरीच वर्षे मी वगळतो. बटणांबद्दल सांगण्यासारखे काही नसते.

तीन वर्षांपूर्वी अरुणाबाईंनी मला पुन्हा घासून लख्ख केले. कमलाकर तरुणपणापासून मात्सुएबद्दल वाचत आले होते. तिथल्या किल्ल्याचा नकाशा त्यांना पाठ होता. "नुसतं वाचणार किती? चला, जाऊन येऊ," अरुणाबाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्यात बेसनाचे लाडू भरले.

मित्रांनो, ते शहर मी पाहिले आहे. संध्याकाळी सगळे सरोवर तांबूस होते आणि मधल्या एका इवल्याशा बेटावरची झाडे काळी दिसू लागतात. आम्ही काठावरच्या एका घरगुती खानावळीत उतरलो होतो. ती फुमिए-सान नावाच्या बाई चालवत; 'सान' म्हणजे आपल्याकडचे 'बाई' किंवा 'राव'. त्यांचे यजमान शोजी-सान किल्ल्याभोवतीच्या खंदकात प्रवाशांची होडी चालवत.

पहिल्या सकाळी न्याहारीला सरोवरातल्या बारीक शिंपल्यांचे सूप आले. अरुणाबाई मासे, शिंपले काही खात नाहीत. त्यांनी वाटी हळूच बाजूला सारली आणि मला टेबलावर ठेवले.

"अगं, आत ठेव तो," कमलाकर कुजबुजले. "लोक बघतायत."

"बघू देत. लाडू आहेत, चोरून आणलेले नाहीत."

"अगं, पण इथली शिस्त वेगळी असते."

"मग शिस्तीत खाते," असे म्हणून अरुणाबाईंनी माझे झाकण चांगले सताड उघडले. चाळीस वर्षांत एवढे बरे मला वाटले नव्हते!

फुमिए-सान आल्या. अरुणाबाईंनी मला पुढे केले. त्यांनी दोन्ही हातांनी एक लाडू घेतला, वास घेतला आणि न बोलता आत गेल्या. कमलाकर लाल झाले. "बघ, रागावल्या," ते म्हणाले. इतक्यात फुमिए-सान हिरव्या, फेसाळ चहाचे तीन कटोरे घेऊन बाहेर आल्या. असल्या गोड पदार्थाबरोबर कडू चहाच हवा, असे त्यांनी हातांच्या खुणांनी सांगितले. शोजी-साननी दोन लाडू खाल्ले आणि तिसरा खिशात टाकला.

दुपारी आम्ही त्यांच्या होडीत बसलो. खंदकावरचे काही पूल इतके ठेंगणे आहेत, की पूल आला की होडीचे छप्पर खाली घेतात आणि सगळ्यांना वाकावे लागते. शोजी-सान ओरडले, छप्पर खाली आले, सगळ्यांनी माना खाली घातल्या. कमलाकर त्याच क्षणी आपल्या जुन्या रोलच्या कॅमेऱ्याने फोटो काढत होते. वाकता वाकता त्यांचे बोट बटणावर दाबले गेले, नेमके शोजी-सान हसायला लागले तेव्हाच. मागे वळून त्यांची धांदल बघताना शोजी-सान इतके हसले, की गोल टोपी पाण्यात पडता पडता राहिली. "हा फोटो तुम्हांला नक्की पाठवतो," कमलाकर म्हणाले. हे वाक्य लक्षात ठेवा.

शेवटच्या संध्याकाळी अरुणाबाईंनी उरलेल्या लाडवांसकट मला फुमिए-सानच्या हातात दिले. सकाळी डबा परत घ्यायचा, असे ठरले. फुमिए-साननी मला धुतले, पुसले आणि सकाळी मला हातात घेऊन त्या तशाच थबकल्या. रिकामा डबा परत कसा द्यायचा? मी थक्क झालो. नाशिकची रीत यांना कोणी शिकवली? त्या मला घेऊन मिठाईच्या दुकानाकडे धावल्या. दुकान उघडायला वेळ होता. त्या बाहेर उभ्या राहिल्या. आणि इकडे आमची आगगाडी कमलाकर-अरुणाबाईंना घेऊन निघून गेली.

असा मी मात्सुएत राहिलो. फुमिए-साननी मला खिडकीजवळच्या फळीवर ठेवले. पहाटे लांब दांड्याच्या जाळ्या घेऊन शिंपल्यांच्या होड्या निघत, त्या मला दिसत. मी पाहुणा होतो आणि माझ्यात कोणी बटणे टाकली नाहीत. पण त्या हिवाळ्यात शोजी-सान खोकू लागले. एक दिवस ते रुग्णालयात गेले आणि परत आलेच नाहीत. तिथल्या रीतीप्रमाणे एकोणपन्नास दिवसांचे विधी झाल्यावर फुमिए-साननी मला खाली घेतले, कागदात गुंडाळलेल्या मिठाया भरल्या आणि वर पत्र ठेवले. पार्सलावर त्यांनी पत्ता इंग्रजीत लिहिला आणि खाली माझ्या अंगावरचे नाव, आपल्याला न कळणारे एकेक अक्षर, चित्र काढावे तसे काढले. चुकून पार्सल दुसरीकडे जाऊ नये म्हणून.

पत्र शेजाऱ्याकडून इंग्रजीत लिहून घेतले होते. "त्या सकाळी मी मिठाईच्या दुकानाबाहेर थांबले आणि तुमची गाडी गेली. डबा परत करायला उशीर झाला, क्षमा करा. माझे यजमान फेब्रुवारीत गेले. त्यांचे सगळे फोटो ताठ उभे राहून काढलेले आहेत. ते हसत असताना तुम्ही होडीत एक फोटो काढला होता. तो असेल, तर मला पाठवाल का?"

मित्रांनो, एवढेच मागितले होते. एक फोटो!

"आजच पाठवा हं," अरुणाबाई मिठाई खाता खाता डोळे पुसत म्हणाल्या.

"हो, हो. आज बसतोच लिहायला."

ते बसले. मी टेबलावर होतो, मी सगळे पाहिले. त्यांनी फोटो काढून बघितला. फोटो वाकडा आला होता. निम्म्या कोपऱ्यात त्यांचाच अंगठा होता. असला फोटो दुःखातल्या बाईंना कसा पाठवायचा? मग त्यांनी पत्र लिहिले आणि फाडले, कारण भाषा फार कोरडी झाली होती. दुसरे फाडले, कारण ते फार रडके झाले होते. आठवड्याने त्यांना उशिराबद्दल माफी मागावीशी वाटली. महिन्याने त्या माफीबद्दल माफी मागावीशी वाटली. असे करता करता पत्र इतके जड झाले, की त्यांना ते उचलवेना.

आणि एक दिवस अरुणाबाईंनी विचारले, "फोटो गेला ना हो?"

"गेला," कमलाकर म्हणाले.

त्यांनी फुमिए-सानचे पत्र आणि तो फोटो माझ्यात घातला, झाकण दाबून लावले आणि मला पुस्तकांच्या कपाटावर, जाड शब्दकोशांच्या मागे ढकलले. मला, ज्याने कधी कोणाचे काही लपवले नाही! माझ्या अंगावर अरुणाबाईंचे नाव आहे, आणि त्यांच्याशी बोललेले खोटे कमलाकरांनी माझ्याच पोटात ठेवले. तिकडे फुमिए-सान रोज टपालपेटी उघडून बघत असतील, या विचाराने मी अडीच वर्षे तिथे धुमसत होतो.

यंदाच्या दिवाळीला त्यांची मुलगी कस्तुरी लीड्सहून आली. ती तिथे डॉक्टर आहे आणि तिचा जन्म इथलाच आहे. अरुणाबाईंना तिच्याबरोबर लाडू द्यायचे होते.

"आपला जपानचा डबा कुठंय हो?"

"तो... सापडत नाहीये," कमलाकर म्हणाले.

"वर आहे की, बुक्सच्या मागे," कस्तुरी म्हणाली. ती उंच आहे. तिने मला खाली काढले, हलवले आणि झाकण उघडले. "आई, ह्याच्यात तर लेटर आहे. आणि फोटो पण. बाबा, तुम्ही रिप्लाय नाही केला?"

स्वयंपाकघरात बेसन भाजले जात होते. अरुणाबाईंनी गॅस बंद केला.

"गेला म्हणालात," त्या म्हणाल्या.

"फोटो चांगला आला नाही गं. अंगठा आलाय माझा. वाकडा आहे."

"फोटो वाकडा आहे. हसतायत ना ते?"

कमलाकर फोटोकडे वाकून बघू लागले.

"बाबा, ऑनेस्टली," कस्तुरी म्हणाली, "माझ्या वॉर्डमध्ये कोणी गेलं ना, की फॅमिली असलाच फोटो मागते. अंगठा कोण बघतो?"

"त्या बाई दुकानाबाहेर थांबल्या होत्या," अरुणाबाई म्हणाल्या. "आपल्याला डबा रिकामा द्यायचा नाही म्हणून. आणि तुम्ही त्यांना अडीच वर्षं थांबवलंत. माझ्याशी खोटं बोललात, त्याचं नंतर बघते मी. आधी हे लिहा."

कमलाकर तिथेच, ओट्यापाशी उभे राहून लिहू लागले. पाच ओळी झाल्या आणि त्यांनी कागद फाडायला बोटे लावली. कस्तुरीने तो हळूच काढून घेतला.

"वाईट लिहिलंय," ते म्हणाले.

"तसंच जाऊ दे," अरुणाबाई म्हणाल्या. त्यांनी पत्र आणि फोटो एका पाकिटात घातले, ते पाकीट माझ्यात तळाशी ठेवले आणि वर कागद घालून सोळा लाडू रचले.

सोमवारी आम्ही पोस्टात गेलो. मोठी रांग होती. काउंटरवरच्या बाईंनी विचारले, "आत काय आहे? घरी केलेलं खाणं?" कमलाकरांनी अरुणाबाईंकडे पाहिले. मग म्हणाले, "हो. लाडू आहेत."

"मला खात्री देता येत नाही. तपासणीत सगळं पार्सल अडकू शकतं."

"मग फोटोही अडकेल," कमलाकर म्हणाले. क्षणभर मला वाटले, झाले, आता हे मला घेऊन घरी जाणार आणि पुन्हा शब्दकोशांमागे ठेवणार. माझा पत्रा तापला! पण त्यांनी माझे झाकण काढले, पूर्ण काढले, आणि वळून रांगेकडे पाहिले. घसा साफ केला.

"माफ करा," ते म्हणाले. "कोणी लाडू घेणार का? माझ्या बायकोने केलेत."

जन्मात पहिल्यांदा ते परक्या माणसांसमोर मला उघडा धरून उभे होते. छत्री घेतलेल्या एका आजोबांनी एक उचलला. बाबागाडीवाल्या बाईने दोन घेतले. "वेम्बलीच्या भारतीय दुकानांत मिळतात त्यापेक्षा छान आहेत," मागून कोणीतरी म्हणाले आणि कमलाकर लाल झाले, पण हलले नाहीत. सोळाही संपले. अरुणाबाईंनी मला रुमालाने आतून पुसले.

"रिकामा चालला की हो," कमलाकर म्हणाले.

"रिकामा कुठे? फोटो आहे ना त्यात."

मित्रांनो, माझा राग गेलेला नाही. फुमिए-सान अजून त्या खिडकीशी आहेत की नाहीत, हेही मला ठाऊक नाही, आणि हे न ठाऊक असणे कमलाकरांच्या माथी आहे. म्हणून तुम्हांला कळकळीने सांगतो. तुमच्याकडे कोणी काही मागितले असेल, तर ते सुंदर होण्याची वाट बघू नका. वाकडे असेल तर वाकडे द्या. जे डब्यात लपवाल, ते डब्याला जड होते.

पत्रात काय आहे, ते मला माहीत आहे, कारण ते आता माझ्या पोटात आहे. "फोटो वाकडा आहे. कोपऱ्यात माझा अंगठा आहे. उशीर माझा आहे, त्याला कारण नाही. शोजी-सान हसत आहेत. डबा तुमच्याकडेच राहू द्या."

कमलाकरांनी स्वतःच्या हाताने पार्सलावर पत्ता लिहिला. काउंटरवरच्या बाईंनी चिकटपट्टी लावली, शिक्का मारला आणि मला मागच्या पोत्यात टाकले.