मुद्देमाल टेंभा

मी एक जुना टेंभा आहे, मित्रांनो. इस्लापूरच्या पलीकडे एका जंगलचौकीच्या कोठीत, फाटक्या छत्रीशेजारी उभा असतो. माझ्या अंगावर काळे डाग दिसतील. ते सगळे सरकारी कामातले आहेत.

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. धावड्याचा दांडा, त्यावर गोणपाट, वरून तार. तेव्हा वाडीत चिमणीला घासलेट मिळत नव्हतं, मी मात्र पोटभर पीत होतो. दरवर्षी माझं गोणपाट बदलतात, दांडा तोच राहतो. साहेबांचंही तसंच, माणूस बदलतो, खुर्ची तीच राहते.

माझं काम ऐकून दचकू नका. मी जंगल जाळायचो. सगळं नाही हो! माघात, सकाळच्या गारव्यात, आखून दिलेल्या पट्ट्यांमधलं वाळकं गवत तेवढं. त्याला जाळरेषा म्हणतात. उन्हाळ्यात वणवा आला, की त्या काळ्या पट्ट्यापाशी त्याला खायला काही मिळत नाही आणि तो उपाशी मरतो. शिवाय जळल्या जागी कोवळं गवत फुटतं. चितळं ते खायला यायची आणि माझ्याकडे ढुंकूनही बघायची नाहीत. आभाराची अपेक्षा मी तेव्हाच सोडली.

मला धरायच्या वनमजूर धुरपताबाई. आधी त्या चिमूटभर माती हवेत सोडायच्या, वारा बघायच्या आणि आग वाऱ्याविरुद्ध चालवायच्या. वाऱ्यासोबत सोडलेली आग पळत सुटते. विरुद्ध सोडलेली शाळेत निघालेल्या पोरासारखी रेंगाळत जाते. मागून वनरक्षक देविदास हिरवी डहाळी घेऊन ठिणग्या झोडपायचा. दहा वर्षांत आम्ही एक झाड गमावलं नाही.

ब्याऐंशीत लातूर नवा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला नवी कचेरी, कचेरीला माणसं. देविदासची तिकडे बदली झाली. जंगल इकडेच राहिलं.

पुढे एका माघात नवे साहेब आले. त्या साली पावसानं दगा दिला होता, गवत पापडासारखं झालं होतं. धुरपताबाई मला घेऊन निघाल्या, तर साहेब आडवे.

"बाई, जंगलात आग लावणं गुन्हा आहे. पाटी वाचली नाही?"

"साहेब, ती पाटी म्याच ठोकली हाय."

साहेब हसले नाहीत. त्यांनी मला जप्त केलं. गळ्यात चिठ्ठी बांधली: 'मुद्देमाल क्रमांक एक'. कोठीला कुलूप, किल्ली खिशात. जाळरेषा तशाच राहिल्या.

चैत्रात कुणीतरी मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळला आणि वारा सुटला. दुपारी कोठीच्या फटीतून मला धूर दिसला. तो वाडीकडे निघाला होता. पंचवीस कुडाची घरं, आणि त्यातल्या एकात धुरपताबाईंची लेक पंचशीला, पाच दिवसांची बाळंतीण.

धुरपताबाई धावत आल्या. "साहेब, किल्ली द्या! टेंभा पायजे."

"आग लागलीय आणि तुम्ही आणखी लावणार?"

"हाव! समोरून लावते. ती यायच्या आत तिच्या वाटचं गवत संपवते."

"पण मुद्देमाल सोडवायला अर्ज लागतो…"

"मंग अर्ज तुमी लिवा. कुलूप म्या तोडते." त्यांनी दगड उचलला.

साहेबांनी किल्ली काढली. त्यांच्या नोकरीतला सगळ्यात भरभर उरकलेला निर्णय तो हाच असावा.

वाडीपुढचा कोरडा नाला पाठीशी घेऊन धुरपताबाईंनी माती सोडली. मी पेटलो. काठाकाठानं आम्ही गवत लावत गेलो, आणि मागे साहेब डहाळीनं ठिणग्या झोडपत राहिले. माझी आग वाऱ्याविरुद्ध सावकाश वणव्याकडे सरकली. दोन्ही आगी भेटल्या, एकदा ताडाएवढ्या उसळल्या आणि खायला काही उरलं नाही म्हणून खाली बसल्या.

वाडीतून बाळाचं रडणं ऐकू आलं. धुरपताबाईंनी मला नाल्याच्या वाळूत खुपसून विझवलं.

पुढच्या माघात साहेबांनीच मला खांद्यावर घेतलं. "बाई, माती सोडू?"

"सोडा. पण मातीकडं बघा. माझ्याकडं काय बघून राहिले?"

मित्रांनो, आता माझा दांडा तडकला आहे. मला जपा. गोणपाट कोरडं ठेवा, तार गंजू देऊ नका. आणि वारा कळत नाही त्याच्या हाती मला देऊ नका. तुमच्याही नको, अजून. गळ्यातली चिठ्ठी मात्र तशीच आहे. मला सोडवायचा अर्ज साहेबांनी वणव्याच्या त्याच संध्याकाळी लिहिला होता. उत्तर यायचं आहे. तोवर दर माघात मी मुद्देमाल म्हणूनच कामाला जातो.