हेलन टेटवर पडलेला कवडसा

चैत्रालीला आरसा धरायला कालिंदीबाईंनीच शिकवलं होतं, आणि आता त्यांना त्या दिवसाचा राग येत होता.

शिकवलं तेव्हा मात्र हौस होती. कलकत्त्यातल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणीतरी ओळख करून दिली, या बेहाला भागातल्या कालिंदी देवस्थळी, या स्मशानात फिरतात. सगळे हसले. स्मशान नव्हे, दफनभूमी, असं कालिंदीबाईंनी नेहमीसारखं सांगितलं. परदेशातली माणसं आपले खापरपणजोबा शोधत असतात. ते कधीकाळी कलकत्त्यात येऊन वारलेले असतात. इंटरनेटवर एक जागा आहे, तिथे ही माणसं नावं टाकतात, आणि इथलं कुणीतरी जाऊन थडगं हुडकून फोटो पाठवतं. नऊ वर्षं ते कुणीतरी म्हणजे कालिंदीबाई. नवरा जयप्रकाश बँकेतून निवृत्त झाले आणि दोन वर्षांत गेले, मुलगा केदार पुण्याला स्थायिक झाला. मागे उरलेल्या वेळेला हे एक काम मिळालं होतं.

चैत्राली सॉल्ट लेकला राहणारी, सेक्टर फाइव्हमधल्या कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला, जन्मापासून इथलीच. तिच्या मराठीत शब्दांची लिंगं आपापल्या मर्जीने फिरत. मावशी, मी पण येऊ का, म्हणाली, आणि आली. कालिंदीबाईंनी तिला सगळं दाखवलं. दगड साध्या पाण्याने धुवायचा, खडू किंवा पीठ चोळायचं नाही. अक्षरं झिजली असतील तर बाजूला आरसा धरून उन्हाचा कवडसा दगडावर तिरपा पाडायचा, म्हणजे खोबणीत सावली बसते आणि मेलेली अक्षरं उठून उभी राहतात. आरसा त्या घरून आणत, जुन्या लुगड्यात गुंडाळून. त्याच्या कोपऱ्यात त्यांनी जयप्रकाश असताना चिकटवलेली मरून रंगाची टिकली अजून होती.

पोरीने भराभरा उचललं. पहिल्या हिवाळ्यात बारा फोटो, दुसऱ्यात साठ. इथवर कालिंदीबाईंनी सोसलं. पण तिने डोरोथीला हात घातला.

डोरोथी टास्मानियातली, ब्याऐंशी वर्षांची. तिला घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर एक ओळ सापडली होती: हेलन मरे टेट, कलकत्ता, १८५१. ही तिच्या पणजीची आई. तीन हिवाळे कालिंदीबाई कराया रोडच्या स्कॉटिश दफनभूमीत हेलनला शोधत होत्या. सापडत नव्हती, तरी डोरोथी लिहीत राहायची. गुडघ्यांबद्दल, अंगणातल्या पक्ष्यांबद्दल. दर पत्राच्या माथ्यावर ‘प्रिय मिसेस देवस्थळी’ असायचं. ज्या दिवशी हेलन सापडेल त्या दिवशी त्या ‘मिसेस देवस्थळी’चं काहीतरी जवळचं होईल, अशी कालिंदीबाईंना आशा होती.

चैत्रालीला हेलन एका शनिवारी सापडली. दोन तासांत.

डोरोथीचं उत्तर तिने आनंदाने कालिंदीबाईंना पाठवलं. माथ्यावर होतं, ‘माझ्या लाडक्या मुली’. तेवढे शब्द वाचून कालिंदीबाईंनी फोन उपडा ठेवला आणि गॅसवरचं दूध उतू जाऊ दिलं.

मग फोटो पाहिला. दगड ओळखीचा वाटला. जुने फोटो उघडले, तर तो त्यांच्याकडे होताच, तीन वर्षांपूर्वीचा. ‘हेलन एम. टेट, जॉन टेट यांची पत्नी.’ आणि खाली त्यांनीच टिपून ठेवलेलं: ही नव्हे, नवऱ्याचं नाव वेगळं.

 पासबुकावर, रेशनकार्डावर, गॅसच्या पुस्तकावर त्या जन्मभर कालिंदी जयप्रकाश देवस्थळी. मधलं नाव नवऱ्याचं, हे काय शिकावं लागतं? म्हणून त्या तीन हिवाळे मरे टेट नावाच्या नवऱ्याची बायको शोधत होत्या. असा नवरा कधी नव्हताच. मरे हे हेलनच्या आईचं माहेरचं आडनाव होतं, डोरोथीने त्याच उत्तरात खाली लिहिलं होतं; मधलं नाव म्हणून ते मुलीला द्यायची तिकडची रीत. चैत्रालीला ना ही रीत ठाऊक, ना ती. तिने नुसतं नाव आणि साल जुळवलं. अर्धवट मराठीचा असा फायदा व्हावा, हे कालिंदीबाईंना फार लागलं.

दोन दिवसांनी पोरीचा फोन आला. त्या दगडावर गवतालगत आणखी एक ओळ आहे, वाचता येत नाही, डोरोथीला ती हवी आहे. रविवारी तुमची आरसा घेऊन याल का? कालिंदीबाईंनी ‘तुमचा आरसा’ अशी दुरुस्ती केली आणि तो फुटला म्हणून सांगितलं.

गुरुवारी सकाळी लुगड्यात गुंडाळलेला आरसा घेऊन त्या एकट्याच निघाल्या. ती ओळ आपण वाचायची, आपण पाठवायची. उरलेली हेलन तरी आपली.

दगडाचं तोंड उत्तरेला, त्यावर हिवाळ्यात ऊन थेट यायचं नाही. एरवी त्या विटेला आरसा टेकवत आणि फोटो घेत. पण ही ओळ इतकी खाली होती की आरसा हातानेच जमिनीलगत धरावा लागला. मांडी घालून बसल्या, कवडसा नीट पाडला, फोन काढेपर्यंत तो घसरला. पुन्हा पाडला, पुन्हा घसरला. पाचव्या खेपेला मागे पावलं वाजली.

चैत्राली उभी होती. आज घरून काम होतं म्हणून निसटून आली होती, हातात पर्समधला वाटीएवढा आरसा.

“मावशी, तुम्ही म्हणालात आरसा फुटला.”

“हा दुसरा आहे.”

चैत्राली वाकली. कोपऱ्यातल्या टिकलीकडे पाहिलं.

“टिकलीसकट मिळाला?”

 कालिंदीबाईंना उठून जावं असं वाटलं, पण मांडी घालून बसलेल्या बाईला एकाहत्तराव्या वर्षी झटकन उठून जाता येत नाही. चैत्रालीने आपला आरसा पर्समध्ये टाकला आणि गवतावर पोटावर पडून फोन रोखला.

“धरा. मला तुमच्यासारखं धरता येत नाही.”

कालिंदीबाईंनी धरला. आरसा धरणाराचं नाव फोटोखाली लागत नाही, बटण दाबणाराचं लागतं, हे त्यांना ठाऊक होतं. कवडसा दगडावरून खाली उतरला, गवतालगत थांबला, आणि अक्षरं वर आली. चैत्रालीने एकेक जुळवत वाचली: आणि त्यांचा मुलगा मरे, वय अकरा दिवस.

 तीन हिवाळे शोधलेला मरे इथे होता, कालिंदीबाईंच्याच जुन्या फोटोत, न वाचलेल्या ओळीत.

“मावशी, घेते हं,” चैत्राली म्हणाली.

तेव्हा कालिंदीबाईंनी आरशाच्या कडेवरची चार बोटं हळूच आत सरकवली. फोटोचा खटका वाजला. चैत्रालीने फोटो मोठा करून पाहिला. ओळ स्वच्छ आली होती, आणि तिच्या शेवटाला, कवडशाच्या काठावर, चार बोटांच्या काळ्या सावल्या, एकीवर अंगठीचा फुगवटा.

“तुमचे बोटं आले. परत घेऊ?”

“आता ऊन गेलं.”

चैत्रालीने मान वर केली. पौषातलं आभाळ, त्यात ढगाचा तुकडा नव्हता. ती कालिंदीबाईंकडे पाहत राहिली, मग तिने तोच फोटो पाठवून दिला.

“डोरोथी विचारणार, हे बोटं कोणाचे,” ती म्हणाली.

“कोणाची,” कालिंदीबाई म्हणाल्या, आणि टिकलीची बाजू आत करून आरसा गुंडाळू लागल्या.