अठ्ठावन्न टक्क्यांवर अडलेला मी

मी कंप्यूटर बोलतोय. माधवनगरात, आकाराम कोळेकरांच्या घरी, खिडकीजवळच्या टेबलावर असतो. मधे काही दिवस या घरात माझ्या अंगात भूत शिरलंय असं सगळे धरून चालले होते. तुम्हीही म्हणा, माझी ना नाही. पण आधी ऐकून घ्या, मग काय ते ठरवा.

मी कंपनीतून खोक्यात बसून आलेलो नाही. सांगलीत वाजिद मुजावर म्हणून एक जण होता, त्याच्या दुकानात माझी जुळणी झाली. डबा एकीकडचा, पंखा दुसरीकडचा, पडदा तिसरीकडचा. पण वाजिदचा हात चांगला. दहा-अकरा वर्षं झाली, एक स्क्रू ढिला झाला नाही.

माझे मालक आकाराम तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून द्यायचे. मूळचे कवठे महांकाळकडचे, आजोबांपर्यंत मेंढरं राखणारं घर. सकाळी झाडाखाली बसून ते लोकांचं गाऱ्हाणं वहीत उतरवून घ्यायचे आणि दुपारी घरी येऊन टाइप करायचे. टाइपरायटरची अक्षरं झिजली तेव्हा त्यांनी मला आणलं.

पहिल्याच दिवशी वाजिद म्हणाला, "काका, नाव काय घालू? इंग्रजीत घालतो. ए, के, ए..."

"थांब. इंग्रजीत न्हाई."

"का?"

"इंग्रजीतनं मराठी करताना मतदार यादीत माझं अक्रम झालं हुतं. जगाचे अर्ज लिवतो मी, आन माझ्या नावासाठी मलाच तीन अर्ज करायला लागले. तवा कुठं परत आकाराम झालो."

वाजिद पोट धरून हसला. "मग या की आमच्यात. अक्रमचाचा म्हणतो."

"आलो असतो. पण मंगलनं सोडलं पायजे न्हवं? तू गप मराठीत घाल."

"काका, ह्याला मराठी नाव घातलं की पुढं कवातरी कायतरी अडतंय बघा."

"अडू दे. अडलं तर अर्ज करू."

माणूस असा. मनात काहीही आलं की त्यांचा अर्जच व्हायचा. चहा हवा असला तरी माझ्यासमोर बसून मोठ्यानं म्हणायचे, "विषय, चहा मिळणेबाबत." आतून मंगलकाकींचा आवाज यायचा, "मंजूर." नाहीतर "फेटाळला." चौथी शिकलेल्या त्या बाईनं जेवढे अर्ज निकाली काढले तेवढे साहेबानं काढले नसतील.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर एका दुपारी ते काहीतरी टाइप करत होते. मधेच थांबले, छाती चोळली, पाणी प्यायला उठले. स्वयंपाकघरात तांब्या पडल्याचा आवाज आला. मग धावपळ, रिक्षा, दवाखाना. ते परत आले नाहीत. मी दोन दिवस तसाच चालू होतो, तिसऱ्या दिवशी कुणीतरी माझं बटण दाबलं. शेवटचं पान त्यांनी जतन केलेलं नव्हतं. ते मी माझ्यापरीनं सांभाळून ठेवलं.

त्यांचं अठ्ठावन्नावं चालू होतं.

दहाव्याला कावळा शिवला नाही. मी काही घाटावर नव्हतो, पण घरी आल्यावर त्याच गोष्टी चालल्या होत्या. मंगलकाकींचे भाऊ धनाजीमामा पिंडासमोर हात जोडून मोठ्यानं म्हणाले होते, "दाजी, पोरीची काळजी करू नगा. तिला लांब धाडत न्हाई. आईपाशीच ठेवतो." कावळा बाभळीवर बसून होता. बघत होता, पण खाली उतरत नव्हता. मामांनी तेच तीनदा सांगितलं. उन्हं चढली. शेवटी घास गाईला घातला आणि माणसं परतली.

तेव्हापासून मंगलकाकींच्या मनात ते सलत राहिलं. त्यांनी मालकांचा टॉवेल माझ्यावर पांघरला. त्यात एक पंचाईत होती. वीज जाऊन आली की मी आपोआप सुरू होतो, तशी सोय वाजिदनंच करून ठेवली आहे. आमच्याकडे वीज सारखी जाते. मग भरदुपारी टॉवेलाखाली उजेड पडायचा, आणि टॉवेल उचलला की पडद्यावर एकच शब्द दिसायचा, आकाराम. काकी समोर उभ्या राहायच्या. पहिल्यांदा घाबरल्या. नंतर नंतर, वीज गेली की भाजी चिरताचिरता येऊन बसायला लागल्या.

असे आठ महिने गेले. मग एका गुरुवारी टॉवेल निघाला आणि समोर स्वप्नाली बसली. त्यांची एकुलती एक. रस्त्यांचे, इमारतींचे नकाशे काढायचं शिकलेली. तिला साताऱ्याच्या एका ऑफिसात काम मिळत होतं. एक तर साताऱ्याला येऊन राहा, नाहीतर घरी आमचं सॉफ्टवेअर चालवून दाखवा, म्हणाले होते. सोमवारी सकाळी दहाला ते चालू दिसलं तर घरून काम. नाही दिसलं तर जागा दुसऱ्याला. साताऱ्याला जायचा विचार तिनं बोलूनसुद्धा दाखवला नाही. घाटावर शब्द दिलेला होता ना.

ते सॉफ्टवेअर माझ्यात उतरायला लागलं. दहा टक्के, तीस, पन्नास. अठ्ठावन्नावर आलं आणि थांबलं. बराच वेळ थांबून म्हणालं, काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा. आणि गेलं मागे शून्यावर.

पोरगी चिकाटीची. मला बंद करून चालू केलं. व्हायरसचा पहारा काढला. जुनी गाणी, जुने सिनेमे पुसून जागा केली. फाइल खराब आली असेल म्हणून शेजारच्यांच्या नेटवरून पुन्हा उतरवली. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत अकरा वेळा झालं आणि अकराही वेळा अठ्ठावन्न. तिच्या नाकी नऊ आले.

मंगलकाकी मागे उभ्या होत्या. "कितीवर थांबतंय गं?"

"अठ्ठावन्न."

काकी खाली बसल्या. "कायम अठ्ठावन्नच?"

"आई, तसं काय नसतंय."

"मी काय म्हणले का?" काकी म्हणाल्या. पण त्या बराच वेळ उठल्या नाहीत.

शनिवारी धनाजीमामा आले. येताना लिंबू-मिरची घेऊन आले आणि ती माझ्या पडद्याच्या कोपऱ्याला बांधली. मग घाटावर उभे होते तसे माझ्यासमोर उभे राहिले. हात जोडून म्हणाले, "दाजी, पोरगी हितंच ऱ्हाणार हाय. त्याचसाठी चाललंय ह्ये. आता तरी सोडा."

स्वप्नालीनं बाराव्यांदा सुरुवात केली. माझा पंखा तेवढा वाजत होता. पन्नास झालं, पंचावन्न झालं, काकींनी तोंडाला पदर लावला. अठ्ठावन्न. थांबलं. मग मागे.

मामांनी जोडलेले हात सोडले. "हे साधं न्हाई स्वप्ना. समदं पुसून टाक बघ ह्यातलं. फॉरमॅट का काय म्हणत्यात, ते मार."

माणसं फॉरमॅट हा शब्द किती सहज बोलतात. माझ्यासाठी ते मरणच आहे. आणि माझं सोडा हो, यंत्राचं काय एवढं. पण माझ्या पोटात ते पान होतं. ज्याचं होतं त्यानं ते जतनही केलेलं नव्हतं, आणि ज्यांच्यासाठी होतं त्यांनी वाचलेलं नव्हतं. मला ओरडता आलं असतं तर त्या दिवशी ओरडलो असतो. आठ महिन्यांत मला एकच गोष्ट बोलता आली होती, ती म्हणजे अडणं.

स्वप्नालीचा हात त्या बटणापर्यंत गेला होता. मग तिच्या मनात काय आलं कुणास ठाऊक. ती म्हणाली, "थांब मामा. का अडलं ते लिहून ठेवलेलं असतंय कुठंतरी." आणि तिनं माझी नोंदवही शोधून काढली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की अमुक ठिकाणी फाइल ठेवता येत नाही. आणि त्या ठिकाणाच्या मधोमध होतं, ??????

सहा प्रश्नचिन्हं. तिला काही उमगेना. तिनं फोटो काढून वाजिदला पाठवला. वाजिद आता उंब्रजला असतो, हायवेला दुकान आहे त्याचं. त्याचा उलट निरोप आला, "कशाला हात लावू नको. उद्या येतो."

रविवारी दुपारी तो आला. मामा मुक्कामालाच होते. मालकांच्या मातीला आला होता, त्यानंतर आत्ताच. माझ्यावरून हात फिरवला, लिंबू-मिरचीकडे बघितलं. मग नोंदवही उघडली आणि बोटं दुमडत मोजायला लागला. "आ. क. त्याचा काना. र. त्याचा काना. म." सहा बोटं झाली.

"हे काका हायत," तो म्हणाला.

मामा उठून उभे राहिले. काकींनी विचारलं, "म्हंजी खरंच ह्येच अडवत्यात?"

"व्हय काकी. काकाच अडवत्यात." मग त्यानं नीट समजावून सांगितलं. आपण आकाराम चार अक्षरांचं धरतो, पण कंप्यूटर काना वेगळा मोजतो, म्हणून सहा. हे नवं सॉफ्टवेअर आपलं सामान मालकाच्या नावाच्या खणात ठेवायला जातं. त्याला मराठी वाचता येत नाही. प्रत्येक खुणेच्या जागी त्याला प्रश्नचिन्ह दिसतं. खणाचं नाव कळत नाही, म्हणून ते दारातनं मागे फिरतं. "आन त्ये सामान ठेवायची वेळ अठ्ठावन्नावर येतीया. दुसरं कायबी न्हाई."

खरं होतं ते. अगदी खरं. तरी घरातल्या कुणीही सुटकेचा श्वास सोडला नाही.

"आता स्वप्नालीच्या नावानं नवा खण करतो. इंग्रजीत," वाजिद म्हणाला. "पण जागा कमी पडंल. काकांचा खण काढून टाकू का?"

"आधी आत बघू दे," स्वप्नाली म्हणाली. ती एकेक फाइल बघत गेली. सगळे लोकांचे अर्ज. विहिरीचे, वाटेचे, नावदुरुस्तीचे. आणि सगळ्यात खाली, मी जपून ठेवलेलं, बिननावाचं ते एक पान. तिनं ते उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागली.

"प्रति, सौ. मंगल आकाराम कोळेकर, मु. पो. माधवनगर. विषय, कु. स्वप्नाली हिला साताऱ्यास पाठविणेबाबत. महोदया, वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, तेथील ऑफिसांचे नाव-पत्ते मी काढून ठेवले आहेत. आपली मुलगी घरात बसून रस्ते काढण्यासाठी शिकलेली नाही. जे रस्ते काढायचे त्यांवर तिने चालून बघितले पाहिजे. ती गेल्यावर आपणांस करमणार नाही व अर्जदारासही करमणार नाही, याची जाणीव आहे. तोंडी सांगितले असते, परंतु तोंडी सांगताना अर्जदारास रडू येते, सबब लेखी देत आहे. तरी तिला जाण्यास परवानगी मिळावी ही"

तिथं संपलं होतं. पुढे नुसता कर्सर लुकलुकत होता.

मामांनी डोक्यावरची टोपी काढली. "आमी उलटंच कबूल केलं की गं, मंगल. तीन डाव. त्यो कावळा कसा शिवायचा?"

मंगलकाकी रडल्या नाहीत. जवळ आल्या, पडद्यावर बोट ठेवलं. "'ही'च्या म्होरं काय असतंय?"

"'विनंती' असतंय, आई. 'ही विनंती'."

"मग त्येवढं लिव. अर्धा अर्ज घेत न्हाईत."

स्वप्नालीनं लिहिलं. डोळे पुसले आणि उठायला लागली. काकींनी तिला बाजूला सरकवलं आणि स्वतः खुर्चीत बसल्या. कोणती कळ ते विचारत, एका बोटानं, माझ्यावर पहिल्यांदाच टाइप केलं. मंजूर. तेवढ्या एका शब्दाला त्यांना चार-पाच मिनिटं लागली.

खण काढायचा विषय मग कुणीच काढला नाही. वाजिदनं आपल्या पिशवीतली एक जादा डिस्क मला जोडली, जागा झाली. नव्या नावानं सॉफ्टवेअर पुन्हा सुरू केलं. अठ्ठावन्नावर आलं, आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत थांबलं. मग एकोणसाठ, साठ, आणि शंभर. त्या वेळी थांबायला कुठलंही कारण उरलेलं नव्हतं. मी माझ्या आत तपासून बघितलंय. का थांबलो, ते मला सांगता येत नाही.

सोमवारी दहाला स्वप्नालीनं साताऱ्याला फोन लावला. सॉफ्टवेअर माझ्यात व्यवस्थित चालू होतं. ती म्हणाली, "सर, घरून नको. मी तिकडंच येते."

आता ती साताऱ्यात असते. दर रविवारी फोन करते. मी सुरू झालो की पडद्यावर दोन नावं येतात. एक तिचं, इंग्रजीत. एक त्यांचं, मराठीत. मंगलकाकी कायम मराठीवरच बोट ठेवतात. टॉवेल आता पांघरत नाहीत, त्यानं धूळ पुसतात. मी म्हातारा झालोय, पंखा खरखरतो. उद्या-परवा मला कुणीतरी भंगारात द्यायला निघेल. द्या. पण त्याआधी तो मराठी नावाचा खण तेवढा कुठंतरी काढून ठेवा, एवढं तुम्हाला हात जोडून सांगतो.

कारण त्यात आता एक नवा अर्जही आहे. गेल्या आठवड्यात दुपारी वीज गेली, आली, मी सुरू झालो. काकी भाजी बाजूला ठेवून आल्या. एका बोटानं, अडखळत, त्यांनी लिहिलं, "प्रति, आकाराम. विषय, करमत नाही." मग हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसल्या. विषयाखालची जागा कोरी होती. मला काही लिहिता येत नाही. मी फक्त त्यांच्यासाठी कर्सर लुकलुकत ठेवला, वीज पुन्हा जाईपर्यंत.