समोरची इमारत

माझी बायको छ्याओयुन गेली त्या संध्याकाळी आमच्या घरात दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. गेलेल्या माणसाला परतीची वाट सापडावी म्हणून सात दिवस घरात उजेड ठेवायचा, असं आमच्याकडे मानतात.

एरवी आम्ही अंधारातच बसायचो. गाव पाडलं तेव्हा आम्हाला चीनच्या उत्तरेकडच्या ओर्दोसच्या या नव्या शहरात सातव्या मजल्यावर घर मिळालं. वीज जाळायची आम्हाला सवय नव्हती. रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड खिडकीतून यायचा, त्यात जेवण व्हायचं. मी बटणाकडे हात नेला की छ्याओयुन म्हणायची, "कशाला? तोंड कुठं आहे ते माहीत नाही का तुला?"

तिला एकच खंत होती. बोलायला बाई नव्हती. आमच्या जिन्यात मागच्या बाजूच्या घरांत राहणारी सगळी तरुण नोकरदार माणसं, सकाळी जाऊन मध्यरात्री येणारी. गावात रजई शिवताना ती आणि शेजारीण दोन टोकांना बसायच्या आणि सगळ्यांच्या सुनांची उणीदुणी काढत मधोमध भेटायच्या. इथं दुसऱ्या टोकाला मी.

"म्हाताऱ्या, तुला टाकाही घालता येत नाही आणि चुगलीही करता येत नाही," ती म्हणायची.

"समोरच्या इमारतीत बघ की कोणी असलं तर."

"तिथं? तिथं भुतं राहतात. कधी एक दिवा दिसलाय?"

मधे मोठा रस्ता, त्यांचं फाटक पलीकडच्या बाजूला. आम्ही कधी गेलो नाही.

मागच्या शरदात टीव्हीची माणसं आली. दिवस मावळताना एक जण आमच्या इमारतीकडे बोट करून कॅमेऱ्यात सांगत होता, "एकही खिडकी उजळलेली नाही. अख्खं शहर ओस पडलंय." छ्याओयुन कोबीचे गड्डे घेऊन येत होती. ती थांबली.

"अहो साहेब, आम्ही राहतो इथं. वर चला, बटाटे उकडलेत."

"आजी, तुम्ही साफसफाईला येता का?"

"हो तर! माझ्याच घरी. पगार मात्र कोणी देत नाही."

तो हसला, पण कॅमेरा काही तिच्याकडे वळला नाही. मग तीच म्हणाली, "रिकामीच हवी असेल तर ती समोरची घ्या. तिथं खरंच कोणी नाही. मी रोज बघते." त्यांनी कॅमेरा तिकडे वळवला. टीव्हीवाल्यांनी आपलं ऐकलं म्हणून ती आठवडाभर खुशीत होती.

थंडीत तिची छाती भरली. शिवायला घेतलेली रजई अर्धीच राहिली.

सातव्या दिवशी दुपारी दार वाजलं. एक जाडजूड म्हातारी, हातात आंबवलेल्या कोबीचा वाडगा.

"भाऊ, मी फान. समोरच्या इमारतीतली. रोज तुमच्या खिडकीत दिवा दिसतोय. आमचे हे म्हणाले, समोर कोणीतरी राहायला आलंय, भेटून ये..." तेवढ्यात तिला छ्याओयुनचा फोटो आणि पुढची उदबत्ती दिसली. तिनं वाडगा फोटोपुढं ठेवला आणि मान लववली.

"आम्ही आधीपासूनच राहतो," मी म्हणालो. "तुम्ही कधी आलात?"

"इमारत झाली तेव्हाच."

"मग दिवा का नाही लावत?"

"दोघांना कशाला हवा दिवा?" ती खाली बसली. "मी यांना रोज सांगायची, समोर भुतं राहतात म्हणून. माझ्याशी बोलायला कुत्रं नव्हतं हो, भाऊ."

मी तिच्यापुढं गरम पाणी ठेवलं.

तिची नजर पलंगावरच्या रजईकडे गेली. सुई तशीच टोचलेली होती. तिनं टाक्यांवरून बोट फिरवलं.

"हात किती सरळ होता हो त्यांचा." न विचारताच ती दुसऱ्या टोकाला बसली आणि शिवू लागली. शिवताना आपल्या सुनेबद्दल बोलत राहिली. सून भात चिकट करते, फोनवर ओरडते. छ्याओयुनला काय मजा आली असती! मी नुसता हं हं करत होतो. शेवटी तिचे टाके छ्याओयुनच्या टाक्यांपाशी येऊन थांबले. तिनं गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि गेली.

संध्याकाळी समोर एका खिडकीत दिवा लागला. फानताई काचेशी उभी होती. तिनं हात हलवला.

छ्याओयुन जिथं बसून ती इमारत बघायची, तिथंच मी उभा होतो. मीही हात वर केला. पण हात हलवायला तिथं छ्याओयुनच हवी होती.