शंभरातले चौऱ्याण्णव

हळदीच्या कारखान्याचे नवे समभाग घ्यायला जो येईल त्याचे शंभरातले सहा भाग दाराशीच कापून घेत होते. रक्त नाही, ओरड नाही. जुईची कळी खुडावी तसं. दाराशी आपापला वाटा घ्यायला तिघे बसले होते: दलाल, वकील आणि छापखानेवाला.

पहिली आत आली, ती आत टेबलाशी हिशेबाला बसलेल्या केतकीची इंदुआत्या. तिच्या उजव्या हाताची अनामिका नव्हती आणि सावली घोट्याशीच संपत होती.

"आत्या, बोट कुठाय?"

"दिलं बाई. रीत आहे म्हणे. तू हिशेब कर, बाहेर निम्मं गाव ताटकळलंय."

हिशेब केतकीकडेच होता. नवं वाळवणयंत्र दहा पूर्णांक आठ टक्के मिळवणार. भांडवल त्याहून स्वस्त पडलं तरच रांग आत सोडायची. शंभराच्या समभागावर पुढच्या वर्षी लाभांश चार रुपये सत्तर पैसे, आणि तो दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढणारा. तिनं चार सत्तरला शंभरानं भागलं, वर सहा मिळवले. दहा पूर्णांक सात.

भिंती हातभर आत सरकल्या; हिशेबात काही सुटलं की त्या खोलीत असंच होई.

"झ्याक!" मालक पाटणकर म्हणाले. "सोडा रांग."

"थांबा, काका." केतकी आत्याकडे वळली. "तुला परतावा कितीचा हवा? आहेस तेवढीचा, की होतीस तेवढीचा?"

"अख्खीचा की! घरून अख्खी निघाले होते मी."

"पण राबणार आहेस चौऱ्याण्णवच."

"अहो, दाराशी गेलं ते गेलं," पाटणकर म्हणाले. "ते कशाला मोजता?"

भिंती आणखी सरकल्या. टेबलाची कड केतकीच्या छातीत रुतली. तिनं चार सत्तरला चौऱ्याण्णवनं भागलं. बरोबर पाच आले. वर सहा.

"अकरा टक्के," ती म्हणाली. "यंत्राला झेपायचं नाही, काका."

 पाटणकरांनी स्वतःच्या हातानं दार लोटलं. बाहेरची माणसं कुरकुरत, अख्ख्या हातांनी घरी गेली.

"आणि माझं गं, केतके?" आत्यानं विचारलं.

केतकीनं आत्याचा उजवा हात हातात घेतला. भिंती होत्या तिथेच थांबल्या.

"बरं, असू दे. खरं बोललीस. ये, हळद लावते." कारखान्यात हिशेब पुरा करणाऱ्याला वडीलधारं माणूस हळद लावी, अनामिकेनंच. आत्यानं पोत्यातली हळद डाव्या तळव्यावर घेतली, उजव्या हाताची मोकळी जागा तिच्यात बुडवली आणि हात पुढे केला.

केतकीनं मान वाकवली. कपाळाला गार बोट टेकलं.