वास माझा नव्हता

मित्रांनो, मी एक जुना वॉच ग्लास आहे, म्हणजे काचेची उथळ, वाटोळी बशी. कर्वेनगरच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी एकवीस वर्षे काढली. ओळखायचा पदार्थ आधी माझ्यावर ठेवतात. तो घन की द्रव, रंग कोणता, वास कसला, हे लिहिल्याशिवाय पुढे जायचे नाही. परीक्षानळीचा तोरा मोठा, पण सुरुवात माझ्यापासून होते हे लोक विसरतात. माझी कड थोडी उडाली आहे. तरी प्रयोगशाळेचे शिपाई श्यामसुंदर मला रोज धुऊनपुसून ठेवायचे. त्यांच्यावर माझी फार माया.

१९८७च्या परीक्षेत मी सलीमाच्या वाट्याला आलो. आदल्या वर्षी ती प्रात्यक्षिकात नापास झाली होती आणि या खेपेला राहिली तर घरचे कॉलेज सोडायला लावणार होते. वडिलांचे अत्तराचे दुकान, त्यामुळे तिच्याइतके तिखट नाक वर्गात कुणाचे नव्हते.

तिने माझ्यावर चिमूटभर पांढरे स्फटिक ठेवले. नाक खुपसले नाही. शिकवल्याप्रमाणे हाताने हलकेच वारा नाकाकडे घेतला आणि लिहिले, 'गुलाबासारखा वास'. मी हादरलोच. त्या स्फटिकांना कसलाही वास नव्हता. पहिली पायरी चुकली की पुढचा सगळा शोध भलतीकडे जातो.

बाहेरून आलेल्या परीक्षक उल्काबाईंनी ते वाचले आणि काच नीट धुतलेली दिसत नाही, असे म्हणाल्या. असली फुटकी भांडी परीक्षेला ठेवता कशाला, आजच फेकून द्या, असे श्यामसुंदरांना सुनावले. ते मान खाली घालून उभे राहिले. सलीमा गप्प बसली असती तर तिची चूक माझ्या नावावर खपली असती. बोलता येत नसल्याचे एवढे दुःख मला कधी झाले नव्हते.

सलीमाने मनगट नाकाशी नेले. तिचा चेहरा उतरला.

"मॅडम, काच स्वच्छ आहे. परीक्षा म्हणून अम्मीने सकाळी मनगटाला अत्तर लावलं. मी हाताने वारा घेतला, तो वास त्याचाच आहे."

उल्काबाईंनी चष्म्यावरून पाहिले. "रीत अगदी बरोबर. हात तेवढा चुकीचा आणलास. आता उजवा हात पाठीमागे ठेव आणि डाव्या हाताने पुठ्ठ्याचा वारा घे."

सलीमाने तीनदा हुंगले. गुलाब खोडून 'वास नाही' असे लिहिले. पुढच्या चाचण्या झरझर जुळत गेल्या आणि पदार्थ युरिया निघाला. उल्काबाईंनी कागदावर सही केली, तेव्हा ती खिडकीशी जाऊन थोडी रडली आणि मग हसली. श्यामसुंदरांनी मला धुऊन पुन्हा फळीवर ठेवले. माझा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा, धुऊनपुसून ठेवा. आणि काही चुकलेच, तर आम्हाला तोंड नाही म्हणून ते आमच्यावर ढकलू नका. त्या दिवशी सलीमा माझ्यासाठी बोलली, म्हणून आज मी तुमच्याशी बोलतो आहे.